बुडाखाली कोरलेलं नाव

भीमाबाई ढाकणे चिडल्या की आधी गॅस बंद करतात. भांडण कितीही लांबलं तरी भाकरी करपता कामा नये, एवढा एक नियम त्या रागातही पाळतात. त्यामुळे सावेडीतल्या त्यांच्या खानावळीत शेगडीचं बटण फिरल्याचा आवाज आला, की जेवायला बसलेला प्रत्येक जण घास हातातच धरून आपल्या ताटाकडे बघतो. आपण काही टाकलं का? आपण काही बोललो का?

दोन वर्षं मी तिथे जेवते. भाजी टाकली की त्या चिडतात. जेवण 'ठीक आहे' म्हटलं तरी चिडतात, कारण ठीक म्हणजे काय ते नीट सांगायला पाहिजे. एका बँकेतल्या साहेबांनी जेवण झाल्यावर ताटातच हात धुतला, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब आसशीन तू बँकेत. माझ्या ताटात हात धुवायचा न्हाई." साहेब दुसऱ्या दिवशी आले तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. आमच्या कंपनीतल्या साहेबांना असं कुणी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

भीमाबाई मूळच्या पाथर्डी तालुक्यातल्या. सोळा हंगाम त्यांनी ऊस तोडला. डाव्या नडगीवर कोयत्याचा जुना वण आहे. उभं राहून काम करताना त्या त्याच पायावर भार देतात. नवऱ्याचं घर सोडून त्या नगरला आल्या, एका मंगल कार्यालयात भांडी घासायला लागल्या, मग तिथेच चपात्या लाटायला लागल्या, आणि दहा वर्षांपूर्वी भाड्याच्या दोन खोल्यांत स्वतःची खानावळ काढली. आता पन्नासच्या आसपास डबे जातात. हाताखाली दोन बायका आहेत, त्यांना त्या दिवसातून चार वेळा कामावरून काढतात आणि चारही वेळा परत घेतात.

त्यांच्याकडच्या प्रत्येक भांड्यावर 'भीमाबाई' असं नाव कोरलेलं आहे. पातेली, ताटं, पेले, डाव, अगदी चमच्यांच्या दांड्यांवरसुद्धा. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, नुसतं भीमाबाई. भांड्यांच्या दुकानात नाव घालायला जे बारीक थरथरणारं पेन असतं, तसं एक त्यांनी कुठूनतरी जुनं विकत घेतलं आहे. नवं भांडं घरात आलं की त्यात पहिलं अन्न पडायच्या आधी त्या चष्मा लावून बसतात आणि नाव घालतात. अक्षर ओबडधोबड, पण खोल. डबे हरवू नयेत म्हणून करत असतील, असं मला वाटायचं. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतातच. त्यात विचारण्यासारखं मला काही दिसलं नाही.

गेल्या वर्षी एका हॉस्पिटलच्या नर्सेसचे बावीस डबे त्यांच्याकडे होते. नर्सेसना जेवायला ठरलेली वेळ नसते. कुणाला दुपारी एक वाजता सवड मिळते, कुणाला चार वाजता. म्हणून हॉस्पिटलने स्टाफरूममध्ये मायक्रोवेव्ह आणला. पहिल्याच आठवड्यात एका नवीन मुलीने घाईत भीमाबाईंचा स्टीलचा डबा तसाच आत ठेवला. आत ठिणग्या उडाल्या, मायक्रोवेव्ह जळाला. मॅनेजरने भीमाबाईंना बोलावून सांगितलं, की एक तारखेपासून जेवण मायक्रोवेव्हमध्ये चालणाऱ्या भांड्यांतच आलं पाहिजे. जमत नसेल तर दुसरा केटरर तयार आहे.

हे बावीस डबे गेले तर हाताखालच्या दोन्ही बायकांना खरोखरच घरी बसवावं लागणार होतं. त्या दोघींपैकी एकीचंही घर दुसऱ्या कशावर चालत नव्हतं.

मी जेवायला गेले तेव्हा गॅस बंदच होता.

"स्टीलला नावं ठेवतंय ते!" भीमाबाई म्हणाल्या. "आगीत घातलं तरी ज्याला काई व्हत न्हाई, ते स्टील तेच्या डबड्यात चालत न्हाई व्हय? पूजे, तू विंजनेर ना? सांग मला, आसं कसं?"

मी इंजिनियर नाही. डिप्लोमा केलाय आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पण घोडेगावहून शिकायला बाहेर पडलेली आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळे 'विंजनेर' म्हटलं की मी दुरुस्त करत नाही. मी त्यांना सांगितलं, की मायक्रोवेव्हमध्ये आग नसते. लहरी असतात. त्या अन्नातल्या पाण्याला तापवतात. धातूच्या भांड्यातून त्या आत जातच नाहीत, उलट ठिणग्या पडतात.

"मग जर्मनचं भांडं?"

"ॲल्युमिनियम पण धातूच, मावशी."

"प्लास्टिक?"

"सगळं प्लास्टिक नाही चालत. आणि रोज गरम वरण ओतणार, रोज घासणार. काच बघू आपण. जाड."

"काच!" त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या जणू मी कागदात वरण बांधून न्यायला सांगितलं होतं. "बावीस वाडगी, तीन जिने, आन त्या पोरी. काच म्हनं."

तरी रविवारी आम्ही बाजारात गेलो. वैजनाथ शेठ यांचं भांड्यांचं दुकान मोठं आहे. पुढे स्टील, मागे काच आणि चिनी मातीचा नवा विभाग, आणि ग्राहकाला दाखवायला एक चालू मायक्रोवेव्ह. शेठनी मागणी ऐकली आणि लगेच रंगीत, हलकी, फुलाफुलांची वाडगी काउंटरवर मांडली.

"हे न्या ताई. पडलं तरी फुटत नाही, आणि मायक्रोवेव्हला चालतं. हे बघा, स्टिकर लावलाय."

मी वाडगं उलटं केलं. बुडाशी कंपनीची कुठलीच खूण नव्हती. स्टिकर मात्र नवाकोरा होता आणि जरा तिरका चिकटवलेला.

"शेठ, हे मेलामाइन आहे," मी म्हटलं. "एक ग्लासभर पाणी द्या."

रिकामं वाडगं आणि त्याच्या शेजारी पाण्याचा ग्लास, दोन्ही मी त्यांच्याच मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट ठेवले. ही तपासणी कुणालाही घरी करता येते. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर भांडं चांगलं. भांडंच तापलं तर ते लहरी स्वतः खातंय, त्यात अन्न ठेवायचं नाही. मिनिट झालं. भीमाबाईंनी आत हात घातला आणि वाडग्याला बोट लावून झटक्यात मागे घेतलं.

"आग लागली तुमच्या स्टिकरला! ह्याच्यात पोरींना जेवू घालू का मी? ज्या पोरी दुसऱ्याच्या आईबापाला सुया देत्यात, त्यांच्या पोटात ह्ये घालू?"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. शेठ म्हणाले, की माल घाऊकवाल्याकडून स्टिकर लागूनच येतो. ते खरं असेल किंवा नसेल. पण ती वाडगी त्यांनी घाईघाईने खाली ठेवली आणि गुपचूप आतून दुसरी आणली. कडक केलेली जाड काच, गोल, वर घट्ट बसणारं झाकण, बुडाशी साच्यातच उमटलेली खूण. मी तीच तपासणी केली. पाणी कोमट झालं, वाडगं गार. शेठनी एक वाडगं कमरेच्या उंचीवरून लाकडी फळीवर सोडलं. काही झालं नाही. भीमाबाईंनी ते उचललं, डोक्यापर्यंत नेलं आणि सरळ फरशीवर सोडलं. शेठनी डोळे मिटले. वाडगं टणकन उडालं आणि गोल फिरत कपाटाखाली गेलं.

"चालंल," भीमाबाई म्हणाल्या.

आम्ही चोवीस घेतली. बावीस डब्यांची आणि दोन जास्तीची.

तीन आठवडे सगळं नीट चाललं. नर्सेस खूश होत्या. सकाळी आलेलं वाडगं त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, वेळ मिळेल तेव्हा गरम करायच्या. मग एका मंगळवारी एक वाडगं मायक्रोवेव्हच्या आत फुटलं. तडा जाऊन नव्हे, आतल्या आत भुगा होऊन. लोकांना वाटलं, जास्त वेळ ठेवलं असेल. गुरुवारी दुसरं फुटलं, तेव्हा ते रुपाली सिस्टरच्या हातात होतं. मायक्रोवेव्हमधून काढून ती टेबलाकडे निघाली होती. दोन पावलं गेली आणि हातातल्या वाडग्याचे शेंगदाण्याएवढे तुकडे झाले. कढत आमटी मनगटावर सांडली. कातडी सोलली गेली, तळहातावर तीन ठिकाणी काच रुतली.

मॅनेजरने त्याच संध्याकाळी निरोप धाडला. डबे बंद. सोमवारी येऊन काय ते सांगा, नाहीतर काम दुसऱ्याला दिलं समजा.

शुक्रवारी भीमाबाई वैजनाथ शेठच्या दुकानात गेल्या. मीही अर्धी सुट्टी टाकून गेले, आणि मला कुणी ओढून नेलेलं नव्हतं. रुपालीचा हात मी पाहिला होता. माझं डोकं त्यांच्याइतकंच तापलं होतं.

भीमाबाईंनी पिशवीतला काचेचा भुगा काउंटरवर ओतला.

"ह्ये घ्या. तुमची काच. पोरीचा हात भाजला, हात! त्याच हातानं ती सलाईन लावती!"

"ताई, हळू बोला. माझी काच अशी फुटत नाही. दोन वर्षं विकतोय."

"मंग मी फोडली? मी घरी बसून कुटली खलबत्त्यात?"

"मी तसं नाही म्हणालो..."

"त्या दिवशी स्टिकर लावून इख देत हुता, ते बी तुमी न्हाई म्हनाला!"

ते शेठना नाकारता येईना. कारण ते मी आणि आणखी चार ग्राहकांनी पाहिलं होतं. मीही तोंड सोडलं. बनावट माल, ग्राहक मंच, तक्रार, मला येत होते तेवढे सगळे मोठे शब्द मी वापरले. लग्नाची भांडी घ्यायला आलेलं एक कुटुंब हातातली परात खाली ठेवून निघून गेलं. कुणीतरी मोबाईल वर धरला. शेठ साठीचे असतील. ते खुर्चीवर बसले आणि काचेच्या त्या भुग्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची कळा नव्हती. ते खरंच कोड्यात पडले होते. ते मला दिसलं, पण मी रागात होते. दिसलेलं बाजूला सारायला रागासारखी सोय नाही.

शनिवारी कंपनीत एक पार्ट आला. पॉलिश केलेल्या शाफ्टवर कुणीतरी टोकदार सळईने नंबर कोरला होता. आमचे सुपरवायझर ओरडले, "अरे, नंबर कोरायचा तर जागा बघून कोरा! ओरखड्यापासूनच मोडतं ना ते!"

हातातली मोजपट्टी तशीच धरून मी उभी राहिले.

पाळी संपल्यावर मी भिंग पिशवीत टाकलं आणि थेट खानावळीत गेले. उरलेली वाडगी घासून पालथी घातलेली होती. मी एक उचललं. बुडाखाली, बरोबर मध्यावर, ओबडधोबड खोल अक्षरात, 'भीमाबाई'. भिंगातून बघितलं तर 'भी'च्या वेलांटीपासून एक केसाएवढी चीर बाहेर निघाली होती.

तीन आठवडे मी रोज ती वाडगी बघत होते. त्यांच्यावर नाव असणारच, हे मला इतकं ठाऊक होतं, की ते मला दिसलंच नाही. कडक काच कशी करतात हे मी पुस्तकात शिकले आहे. तापवून एकदम गार करतात, त्यामुळे वरची कातडी आवळलेली राहते आणि आतला गाभा ताणलेला. त्या आवळलेल्या कातडीमुळेच ती फरशीवर आपटली तरी फुटत नाही. पण त्या कातडीवर खोल ओरखडा पडला, की रोजच्या गार-गरमने तो आत सरकत जातो. आणि गाभ्याला पोचला की सगळं एकदम. परीक्षेत मला यावर पाच गुण मिळाले होते.

"मावशी," मी म्हटलं, "काच शेठमुळे नाही फुटली."

त्या कणीक मळत होत्या. मी सगळं सांगितलं. मी बोलत असताना त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मंजी माझ्या नावानं फुटलं?"

"नावाने नाही. कोरल्यामुळे."

"एकच झालं ते!" त्यांचा आवाज असा चढला की बाहेर जेवणारे दोघं उठून हात धुवायला गेले. "माझ्या भांड्यावर मी नाव घालायचं न्हाई? कोन सांगतंय? तू सांगती?"

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं. तोवर कधीच सांगितलं नव्हतं ते. शांतपणे नाही. ओरडूनच.

"नवऱ्याचं घर सोडलं तवा भावकी बसली आंगनात. म्हनले, भांडी वाटून घ्या आन मोकळे व्हा. ज्याचं नाव त्याचं भांडं. समदी भांडी आनून मांडली. मला वाचता येत नव्हतं. तुझ्यावानी एक शिकल्याला मानूस बसला वाचायला. हंडा उचलला. मी म्हनलं ह्यो माझा. श्रीरामपूरकडं तोडीला गेल्तो तवा माझ्या मोळ्यांच्या मजुरीतनं घेतलाय. तेनं वाचलं, अजिनाथ. नवऱ्याचं नाव. परात उचलली. अजिनाथ. कळशी, अजिनाथ. दुकानदारानं इचारलं आसंल, कुनाचं नाव घालू? मी भांडं वाजवून बघत हुते, चिरलंय का म्हनून. नवऱ्यानं आपलं सांगून टाकलं. बारा वर्सं मी त्या परातीत पीठ मळलं, पूजे. मला वाटायचं कडंला नक्षी हाय."

कणीक तशीच पडली होती.

"माझ्या वाट्याला एक तांब्या आला. बापानं दिल्याला. तेच्यावर बापाचं नाव. माझ्या नावाचा एक चमचा नव्हता त्या आंगनात. आन तू मला सांगती, नाव घालू नको!"

मला रडू आलं असतं, पण मलाही राग आला होता. त्या माणसांचा, त्या वाचणाऱ्याचा आणि माझाही. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. करून बघू."

जास्तीच्या दोन वाडग्यांपैकी एक मंगळवारनंतर नाव घालून डब्यात गेलं होतं, दुसरं फळीवर कोरंच होतं. ते वापरात आलं असतं तेव्हाच त्याच्यावर नाव पडलं असतं. ते आणि नाव घातलेलं एक, अशी दोन मी मोरीत ठेवली. रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. पाणी ओतलं की दोन्हींवर लगेच पोतं टाकायचं ठरवलं. दोन्हींत उकळतं पाणी ओतलं, मिनिटभर ठेवलं, ओतून दिलं आणि दोन्ही बर्फाच्या पाण्यात बुडवली. हाताखालच्या दोघी दाराआड उभ्या होत्या. भीमाबाई कमरेवर हात ठेवून.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही.

"बघ," त्या म्हणाल्या.

तिसऱ्यांदाही नाही. मलाच वाटायला लागलं, आपण उगाच मावशींना मान खाली घालायला लावतोय. चौथ्यांदा उकळतं पाणी पडलं आणि नाव घातलेल्या वाडग्याचा, पोत्याखाली, भुगा झाला. आवाज लहानसाच झाला, दिवाळीतल्या टिकलीसारखा. कोरं वाडगं मी पुढे आणखी दहा वेळा तसंच काढलं. ते तसंच्या तसं राहिलं.

भीमाबाई खाली बसल्या. भुग्यात त्यांनी बोट फिरवलं. नावाचं एकही अक्षर ओळखू येत नव्हतं.

"माझं नाव सोसत न्हाई व्हय ह्या काचंला?"

"कुणाचंच सोसत नाही. अजिनाथ घातलं असतं तरी फुटलं असतं."

"त्याचं घातलं आसतं तर दुकानातच फुटलं आसतं," त्या म्हणाल्या. दाराआडची एक जण फिसकन हसली आणि तिला लगेच कामावरून काढण्यात आलं.

मग मी ते बोलले. मला ते लिहायला आवडत नाही, पण मी बोलले. "मावशी, या भुग्यावरून कुणाला काही कळणार नाही. शेठनी आधी खोटा माल दाखवलाच होता. सोमवारी मॅनेजरला सांगा, माल खराब निघाला, आता दुसऱ्या दुकानातून घेतला. बाकीची वाडगी आपण टाकून देऊ. विषय संपला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ त्या माझ्यावर ओरडत होत्या ते काहीच नव्हतं, असं ते बघणं होतं.

"तवा मला वाचता येत नव्हतं म्हनून गप बसले," त्या म्हणाल्या. "आता कळलंय. कळून गप बसू? आन तू एवढी शिकून ह्येच शिकली का?"

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला आम्ही वैजनाथ शेठकडे होतो. शेठनी आम्हाला बघून शटर अर्ध्यातच थांबवलं.

"उघडा, उघडा. मारायला न्हाई आले," भीमाबाई म्हणाल्या, आणि शुक्रवारी ज्या पट्टीत बोलल्या होत्या त्याच पट्टीत, रस्त्यावर, शेजारच्या दुकानांतली माणसं ऐकत असताना बोलल्या, "काच तुमची चांगली हुती! मी नाव कोरलं म्हनून फुटली! चूक माझी हाय! शुक्रवारी जे बोलले ते मागं घेते!"

शेठ गोंधळून म्हणाले, "हळू बोला, ताई."

"का हळू? शिव्या मोठ्यानं दिल्या, मंग ह्ये हळू का?"

शेठनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी काउंटरवर हात टेकले. "माझ्याकडेही नाव घालायचं मशीन आहे," ते म्हणाले. "काचेवर नाव घालून मागणारे येतात. मी दिलीयत घालून." मग म्हणाले, "आता नाही देणार."

"आन ती फुलाफुलाची वाडगी?"

"ती..."

"स्टिकर काढा. आमच्या म्होरं."

शेठनी ते काढले. एकेक स्टिकर नखाने खरवडून. भीमाबाई शेवटचा निघेपर्यंत उभ्या होत्या. मग त्यांनी कोरी बावीस वाडगी बांधून घेतली आणि आम्ही हॉस्पिटलला गेलो.

मॅनेजर तरुण होता, टायवाला. समोर रुपाली सिस्टर बसली होती, हाताला पट्टी. भीमाबाईंनी त्यालाही सगळं सांगितलं, एक शब्द न झाकता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"म्हणजे चूक तुमची होती, हे तुम्हीच म्हणताय."

"व्हय."

"मग बघा मावशी, असं करू. भांडी आता हॉस्पिटल देईल. आमचं नाव छापूनच येतात, कारखान्यातून. तुम्ही फक्त जेवण भरून पाठवायचं. भांडी आमची, जबाबदारी आमची."

मला ते सोयीचं वाटलं. बावीस डबे वाचत होते, दोघींचं काम वाचत होतं. मी भीमाबाईंकडे बघितलं. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. एकाच सकाळी त्या स्वतःची चूक आधी भर रस्त्यात आणि मग इथे बोलल्या होत्या, पण हे त्यांना त्याहून जड जात होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "सैपाक माझा, भांडं माझं."

"पण त्यावर आता नाव नाही ना तुमचं? मग काय फरक पडतो?"

"नाव नसू दे. माझं हाय ते माझं हाय. म्या बघून घेतलंय, पैसं मोजून घेतलंय, रोज मी घासनार हाय. दुसऱ्याच्या नावाच्या भांड्यात मी बारा वर्सं सैपाक केलाय साहेब. आता न्हाई करनार. डबे बंद करायचे तर करा."

मॅनेजरने खांदे उडवले आणि फोन उचलला. तो त्या दुसऱ्या केटररलाच लावत असावा. तेवढ्यात रुपाली म्हणाली, "सर, थांबा. हात कुणाचा भाजलाय?"

"तुमचाच. म्हणूनच तर..."

"मग मला विचारा ना. का फुटलं हे ज्या बाईने शोधून काढलं आणि इथे येऊन सांगितलं, तिचा डबा बंद करून, ज्याला काहीच माहीत नाही त्याचा चालू करायचा? मी नाही खाणार त्याचा. आम्ही बावीस जणी मावशींचा डबा खाली गेटवर घेऊ, आपापला. मग मायक्रोवेव्हमध्ये काय ठेवतोय ते तुम्ही बघत बसा."

मॅनेजरने फोन खाली ठेवला. महिनाभर बघू, म्हणाला. पण प्रत्येक भांडं इथे वापरायच्या आधी त्याच्यासमोर पाण्याच्या ग्लासाबरोबर तापवून दाखवायचं, ही त्याची अट.

"बावीसची बावीस दाखवते. बस तू खुर्ची घिऊन," भीमाबाई म्हणाल्या. 'तू' म्हणाल्या हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

एकेका मिनिटाने बावीस वाडगी तापवायला पाऊण तास लागला. मॅनेजर पहिली चार बघून निघून गेला. भीमाबाई थांबल्या. प्रत्येक वाडगं बाहेर काढलं की त्या तळहात बुडाला लावून बघत होत्या, आणि त्यांचा राग काही उतरत नव्हता. आता तो माझ्यावर होता, कारण मी आधी का बघितलं नाही. मग तो मायक्रोवेव्हवर गेला, कारण त्याच्या काचेवर आमटीचे डाग वाळले होते.

जाताना त्या रुपालीजवळ थांबल्या. मला वाटलं, आभार मानतील. त्यांनी तिची पट्टी उलटसुलट करून बघितली.

"ह्या हातानं वाडगं घासू नको. दुसरीला सांग," त्या म्हणाल्या. "पन घासूनच पाठवायचं. खरकटं आलं तर उद्या डबा न्हाई."